पूर्वग्रहांना नावे ठेवून काय होते?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी मंडळाने गेल्या थंडीत परिसंवाद ठेवला होता. विषय होता, आमच्या शहरातून वाहणाऱ्या नदीचा: ‘विश्वामित्रीचा पूर मानवनिर्मित की नैसर्गिक?’ २०१९ च्या जुलैअखेरीस एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडून बडोदे बुडाले, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बुडाले, आणि सभेला आलेल्या बहुतेकांनी निदान एकदा तरी घरातला चिखल स्वतःच्या हाताने उपसलेला होता. त्यामुळे चर्चा मुद्द्याला धरून होईल असे वाटले होते. अर्ध्या तासात पूर बाजूला राहिला. आजवा जलाशयाचे पाणी केव्हा आणि किती सोडले यावर बोट ठेवणाऱ्यांना, ‘तुमचा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे, पुरावे तुम्ही नंतर गोळा केलेत’ असे ऐकवण्यात आले. नदीच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींबद्दल बोलणाऱ्यांना, ‘तुम्हाला बिल्डर दिसला की बाकी काही दिसत नाही’ असे उत्तर मिळाले. एका तरुण इंजिनिअरने तर मोबाइलमधली पूर्वग्रहांची यादीच उघडली आणि प्रत्येक वक्त्याला त्यातला एकेक बिल्ल्यासारखा लावून दिला. समारोपात अध्यक्ष म्हणाले की, शाळेपासूनच मुलांना या पूर्वग्रहांची ओळख करून दिली पाहिजे, म्हणजे पुढची पिढी तरी स्वच्छ विचार करील. त्यावर मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ सदस्य उसळून म्हणाले की, हे सगळे पुस्तकी आहे, माणूस अनुभवावर आणि मनाच्या ग्वाहीवर चालतो आणि तसाच चालणार.

या दोघांचे भांडण तेव्हापासून मंडळात चालू आहे आणि मला ते मुळातच चुकीच्या पायावर उभे असलेले दिसते. ज्ञानाने पूर्वग्रह जातो असे एक म्हणतो, तो जातच नाही असे दुसरा म्हणतो. पण पूर्वग्रह हा ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवायचा प्रश्न आहे, हे दोघांनीही धरून चालले आहे. माझे म्हणणे असे आहे की, पूर्वग्रह ज्याचा त्याला मनातून काढता येत नाही. मात्र निर्णयावर होणारा त्याचा परिणाम बाहेरून, लेखी आणि आधी ठरवून ठेवलेल्या रीतीने अडवता येतो. ती रीत उभी करायची नसेल, तर पूर्वग्रहांची नावे पाठ करणे म्हणजे लोकांना नावे ठेवण्याची नवी सोय आहे, इतकेच.

मी तेहतीस वर्षे हिशेबतपासनीस म्हणून काढली, त्यामुळे मला ही गोष्ट रोजमेळाच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, भाषेत कळते. रोखपालाला स्वतःच्या रोजमेळाची तपासणी करू देत नाहीत. याचा अर्थ तो चोर आहे असा कोणी लावत नाही आणि त्यालाही त्याचा राग येत नाही. बेरीज वरून खाली करताना सात आणि आठ सोळा अशी चूक एकदा झाली की, दुसऱ्यांदा वरून खाली येताना डोळा त्याच जागी तीच चूक करतो, आणि दोनदा तेच उत्तर आले म्हणून माणूस निर्धास्त होतो. म्हणून जुने कारकून दुसरी बेरीज खालून वर करत. तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळत नसेल आणि तफावतीला नऊने भाग जात असेल, तर ६३ च्या जागी ३६ असे काहीतरी लिहिले गेले असावे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले गेले. यातल्या कोणत्याही रीतीत ‘अधिक सावध राहा’ असा उपदेश नाही. माणूस चुकणार हे धरूनच ती बांधलेली आहे. हिशेबात जे आपण शेकडो वर्षे निमूटपणे मान्य केले, ते मतांच्या बाबतीत मान्य करायला आपल्याला इतके जड का जाते?

एक कारण असे की, आपली चूक आपल्याला चूक म्हणून जाणवतच नाही. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, वेगवेगळ्या पूर्वग्रहांची वर्णने वाचायला दिली तर माणसे ते इतरांमध्ये अधिक आणि आपल्यात कमी आहेत असे सांगतात. ज्यांनी हा विषय जगभर नेला आणि ज्यांना त्यासाठी २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते डॅनियल कानेमन स्वतःबद्दल सांगत की, इतकी वर्षे अभ्यास करूनही त्यांची सहज सुचणारी मते पूर्वीइतकीच चुकतात. सुधारली ती इतरांच्या चुका ओळखण्याची क्षमता. ही कबुली आमच्या अध्यक्षांच्या योजनेसाठी फारशी उत्साहवर्धक नाही. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचा केवळ उच्छेद करणारी वितंडा. हेत्वाभासांची, म्हणजे फसव्या कारणांची, यादी तिन्ही ठिकाणी तीच असते. यादी हाती आल्याने जल्प करणारा वादाकडे वळत नाही, तो अधिक सफाईने जल्प करतो. आमच्या इंजिनिअर मित्राने त्या संध्याकाळी नेमके तेच केले, आणि मला वाटते त्याला स्वतःला ते अजूनही कळलेले नाही.

मी हे जरा वरच्या पट्टीत बोलतो आहे, म्हणून माझीच गोष्ट सांगतो. २०१९ च्या पुरानंतर मी एक वही घातली. पावसाळ्यात दर संध्याकाळी तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या: आज काय दिसले आणि उद्या काय होईल असे वाटते. २६ ऑगस्ट २०२४ ला सोमवार होता, गोकुळाष्टमी. त्या पावसात मंगळवारी आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत पाणी शिरले आणि माझी गाडी आसनांपर्यंत बुडाली. पुढचे कितीतरी महिने मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की, मला सोमवारी संध्याकाळीच शंका आली होती, पण कोणी ऐकले नाही. मी खोटे बोलत नव्हतो. मला ती शंका आठवत होती, अगदी कुठे उभा असताना आली तेसुद्धा आठवत होते. परिसंवादात तेच सांगायचे म्हणून आदल्या रात्री वही काढली. सोमवारच्या पानावर, सुंठवड्याच्या तुपाचा डाग पडलेल्या कोपऱ्याशेजारी, माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘पाऊस जोरदार. पण २०१९ इतका नाही. पाणी आपल्या गल्लीत येणार नाही. गाडी हलवत नाही.’ दुसऱ्या दिवशी सभेत मी बोलायला उभा राहिलो नाही.

या प्रकाराचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ बारूच फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये केला आणि गंमत म्हणजे त्यांनी त्यासाठी १८१४ चे इंग्रज-गुरखा युद्ध निवडले होते. वाचणाऱ्यांना युद्धाची हकीकत दिली. काहींना सांगितले की इंग्रज जिंकले, काहींना सांगितले की गुरखे जिंकले, काहींना तडजोड किंवा कोंडी झाल्याचे सांगितले. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच शेवट हकीकतीतून आधीच दिसत होता असे वाटले. पुरानंतरच्या आपल्या सगळ्या चर्चा याच जातीच्या आहेत. ‘हे होणार हे उघड होते’ असे म्हणणाऱ्याला विचारावे की उघड होते तर तुम्ही कुठे लिहून ठेवले होते? आणि न लिहिलेल्या अंदाजाच्या जोरावर आपण अधिकाऱ्यांना निष्काळजी कसे ठरवतो? ते निष्काळजी असतीलही. पण ते ठरवायला सोमवारी त्यांच्यापुढे कोणते आकडे होते ते पाहिले पाहिजे. मंगळवारी आपल्या अंगणात किती पाणी होते, त्यावरून ते ठरत नाही.

मगरींचे तसेच. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात कोणाला नवीन नाही. पण पुराच्या चार दिवसांत माझ्या मोबाइलवर मगरींचे जे व्हिडिओ आले, त्यांत एकच मगर चार वेगवेगळ्या गटांतून चार वेळा आली, दोनदा वेगळ्या मोहल्ल्याच्या नावाने. पूर ओसरताच ‘मगरी फार वाढल्या, त्यांना हलवा’ ही मागणी पक्की झाली. मगरी वाढल्या असतील किंवा नसतील. ते रात्री नदीकाठाने विजेरीच्या उजेडात चमकणारे डोळे मोजून ठरते, आणि वनखात्याची माणसे ते कष्ट घेतात. मोबाइल मोजतो ती आपली भीती.

आता मागच्या रांगेतल्या ज्येष्ठ सदस्यांकडे वळतो, कारण त्यांच्या बोलण्यात मला वाटले होते त्याहून अधिक तथ्य आहे. आमच्या तळमजल्यावर एक गुजराती आजी राहतात. सगळी सोसायटी त्यांना बा म्हणते. त्या सोमवारी दुपारी गटाराच्या झाकणातून बुडबुडे येताना दिसले तेव्हा बांनी नातवाला हाक मारून गव्हाची दोन्ही पिंपे माळ्यावर चढवून घेतली. त्यांनी ना आजव्याची पातळी पाहिली, ना हवामानखात्याचा अंदाज. माझ्याकडे आकडे होते आणि माझी गाडी बुडाली. त्यांच्याकडे बुडबुडे होते आणि त्यांचे गहू वाचले. अनुभवातून आलेला ठोकताळा विचारापेक्षा सरस ठरतो याचे याहून चांगले उदाहरण मला सापडणार नाही, आणि ते माझ्याविरुद्ध जाते हे मी मान्य करतो.

मात्र बांचा ठोकताळा का चालतो हेही पाहिले पाहिजे. मी नंतर त्यांना विचारले तेव्हा कळले की, बुडबुडे पाहून पिंपे चढवण्याची वेळ त्यांच्यावर याआधी तीन-चारदा आली होती आणि बहुतेक वेळा पाणी आलेच नव्हते. त्या चुका कोणाच्या लक्षात नाहीत, कारण त्यांची किंमत काय, तर पिंपे पुन्हा खाली आणायची. चूक इतकी स्वस्त असेल तिथे मनाच्या ग्वाहीवर खुशाल चालावे. खंडेराव मार्केटमधला भाजीवालाही सकाळच्या अंदाजाने मेथीच्या जुड्या उचलतो आणि संध्याकाळी उरलेली मेथी त्याचे उत्तर त्याच्या हातात देते. रोज उत्तर मिळणाऱ्याचा अंदाज वर्षानुवर्षे घासून धारदार होतो. कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन एरवी विरुद्ध मताच्या संशोधकांनी २००९ मध्ये एकत्र बसून जवळपास हेच मान्य केले: परिस्थिती पुरेशी नियमित असेल आणि चूक-बरोबर लवकर कळत असेल, तरच तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेवर विसंबावे. शहराच्या पुराचे उत्तर पाच-पाच वर्षांनी येते आणि ते येते तेव्हा नदी, वस्ती, अधिकारी सगळेच बदललेले असते. तिथे पन्नास वर्षांचा अनुभव म्हणजे फार तर दहा पुरांचा अनुभव, आणि तोही आठवणीने दुरुस्त केलेला.

याहून अवघड आक्षेप मला माझ्या धाकट्या भावाने घेतला. त्याचे म्हणणे: दादा, तू व्यवस्था म्हणतोस, पण ती चालवणार माणसेच ना? समिती नेमली की समितीचा पूर्वग्रह सुरू. यावर बडोद्याच्याच इतिहासाइतका बोलका पुरावा दुसरा नाही. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष सापडले आणि संशय बडोद्याचे तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला. सरकारने सहा जणांचे चौकशी मंडळ नेमले: तीन इंग्रज आणि तीन हिंदी, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव. लंडनहून सार्जंट बॅलंटाइन यांच्यासारखा नामांकित वकील महाराजांच्या बचावासाठी आला. सहाही जणांनी तेच साक्षीदार ऐकले, तीच उलटतपासणी ऐकली, तोच रासायनिक अहवाल पाहिला. निकाल काय लागला? तिन्ही इंग्रजांना आरोप सिद्ध झालेला दिसला, तिन्ही हिंदी सभासदांना तो सिद्ध झालेला दिसला नाही. पुरावा एकच, आणि मते कातडीच्या रंगावरून बरोबर मधोमध फाटलेली.

आमच्या मराठी घरांत ही गोष्ट नेहमी इंग्रजांच्या पक्षपाताची म्हणून सांगितली जाते. तसे मानायला जागा आहेच: मंडळातले सर रिचर्ड मीड यांनी वर्षभरापूर्वीच बडोद्याच्या कारभाराची चौकशी करून मल्हाररावांविरुद्ध मत दिलेले होते, आणि ज्याने एकदा माणसाला नालायक ठरवले तो दुसऱ्या खटल्यात कोऱ्या मनाने बसेल ही अपेक्षाच भाबडी होती. पण तिन्ही हिंदी सभासदांचे मन कोरे होते असे आपण कशावरून म्हणतो? शिंदे आणि जयपूरकर स्वतः संस्थानिक होते. रेसिडेंटच्या सांगण्यावरून राजाला पायउतार करता येते हा पायंडा पडला तर उद्या आपली पाळी, हे त्यांना दिसत नसेल का? त्यांचा निष्कर्ष बरोबर असेल. मला स्वतःला साक्षी संशयास्पदच वाटतात. तरी निष्कर्ष बरोबर असणे आणि तो निखळ विचाराने काढलेला असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्या बाजूचा माणूस असला की हा फरक आपण सोयीने विसरतो.

मग व्यवस्था फसली, असेच ना? तिच्यात दोन मोठ्या उणिवा होत्या. किती पुरावा म्हणजे सिद्ध, हे सहा जणांनी एकमेकांशी आधी ठरवून घेतलेले नव्हते. आणि ज्याचे मत आधीच जाहीर झाले होते त्यालाच न्यायासनावर बसवले होते. तरीही तीन-तीनच्या त्या रचनेने एक काम केले. सहाही इंग्रज नेमले असते तर ‘मंडळाने एकमताने दोषी ठरवले’ एवढेच वाक्य इतिहासात राहिले असते आणि आज आपण ते सत्य म्हणून वाचले असते. दुफळी झाली म्हणून पूर्वग्रह उघडा पडला. सरकारलाही त्या निकालावर उभे राहता आले नाही. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना काढले ते विषप्रयोगासाठी नव्हे, गैरकारभारासाठी असे जाहीर करावे लागले. हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने पाहिले तर तेरीज जुळली नाही, पण जुळत नाही हे तरी कळले. मनातल्या मनात केलेल्या विचारात तेवढेही कळत नाही.

मल्हाररावांनंतर गादीवर आलेल्या सयाजीरावांकडे पाहिले तर व्यवस्था चांगली बांधली की काय होते ते दिसते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण हवे याबद्दल त्यांचे मत ठाम होते. तरी १८९३ मध्ये ते आधी फक्त अमरेली भागात सुरू करून पाहिले आणि सबंध संस्थानात लागू केले १९०६ मध्ये. यामागे खर्चाचा विचारही असेल, आणि सगळे श्रेय शहाणपणाला देणे हाही एक बडोदेकरी पूर्वग्रहच. पण आपल्या लाडक्या कल्पनेला एका कोपऱ्यात चुकायची संधी देणारा सत्ताधीश विरळा. उलट १९११ मध्ये गोखल्यांनी ब्रिटिश मुलखासाठी तशाच शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा अनुभव समोर होता, गोखल्यांनी तो सांगितलाही, आणि तरी पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले. पुरावा असून तो न मोजण्याची सोय असेल तर माणसे ती वापरतात.

शेवटचा आक्षेप मला थोडक्यात संपवता येईल. इतके तपासत बसले तर निर्णय कधी घ्यायचा, असे विचारले जाते, आणि शंकेचा धंदाही होतो हे खरे आहे. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी ‘पुरावा अजून पुरेसा नाही’ एवढ्या एका वाक्यावर कित्येक दशके काढली. पण प्रामाणिक शंकेखोर आणि बनेल शंकेखोर ओळखायची सोपी खूण आहे. किती पुरावा आला म्हणजे तुम्ही मानाल, असे विचारा. पहिला काहीतरी आकडा सांगतो, दुसरा विषय बदलतो. आणि घाईच्या वेळी विचार करायला वेळ नसतो, हेच तर आधी ठरवून ठेवण्याचे कारण आहे. नदीची पातळी अमुक फुटांवर गेली की गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावायची, हे मी आता मे महिन्यातच लिहून ठेवतो, कारण पाऊस पडू लागल्यावर माझे डोके काय म्हणेल याचा मला भरवसा नाही. नदी खोल आणि रुंद करण्याच्या कामाचेही तसेच. एखाद्या वर्षी पूर आला नाही की एक बाजू काम यशस्वी झाले म्हणणार आणि आला की दुसरी बाजू पैसे बुडाले म्हणणार; किती पाऊस झाला असता पातळी किती राहिली तर काम यशस्वी मानायचे, हे दोन्ही बाजूंनी कोरड्या दिवसांत कागदावर का उतरवू नये?

शाळेत शिकवायचे असेल तर हे शिकवावे. पाण्यात कोणती वस्तू तरंगेल आणि कोणती बुडेल हे प्रयोगाआधी प्रत्येक मुलाने शाईने लिहावे, खोडरबर बाजूला ठेवावा, आणि मग वस्तू पाण्यात सोडावी. शाईतले स्वतःचे चुकलेले उत्तर पाहिलेल्या मुलाला पूर्वग्रहाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

मंडळात मी यंदा एवढेच सुचवले: पावसाळ्याबद्दल ज्याला जे ठामपणे वाटते त्याने ते एका चिठ्ठीवर लिहावे, कोणती गोष्ट घडली तर आपण चुकलो असे मानू तेही खाली लिहावे, आणि सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून ग्रंथालयाच्या कपाटात ठेवाव्यात, पाकीट दिवाळीनंतर उघडायचे. सूचना मान्य झाली. आतापर्यंत अकरा चिठ्ठ्या आल्या आहेत. इंजिनिअर मित्राची आली आहे, आणि ती सर्वांत लांब आहे. मागच्या रांगेतल्या ज्येष्ठ सदस्यांनी परवा जिन्यात गाठून विचारले की, चिठ्ठीवर नाव घालायलाच हवे का.